बिनमिठाचे पापड

कोकिळाबाईच्या नवऱ्याचा, म्हणजे लीलाधररावांचा, माणसाच्या बोलण्यावर विश्वास नव्हता, कागदावर होता. त्यांची आई सांगायची, तू नरकचतुर्दशीच्या पहाटे झालास, बाहेर फटाके उडत होते. पण सर्व्हिस बुकात एक जुलै लिहिली होती. इतक्या वर्षांत आठवण इकडची तिकडे होते, असं लीलाधररावांनी आईला समजावलं. तेव्हापासून कोकिळा दर एक जुलैला त्यांना ओवाळू लागली, आणि सासूबाई दिवाळीला स्वतःशीच पुटपुटत बसू लागल्या.

लीलाधरराव बऱ्हाणपुरात एका सरकारी कचेरीत दफ्तर सांभाळायचे. छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, बऱ्हाणपूर इकडे हिंदी मुलखात राहिलं आणि इथले कागद भोपाळला जाऊ लागले. शहरातली मराठी मंडळी ओट्याओट्यावर बसून हळहळत होती. लीलाधररावांनी जुने शिक्के पुसून कपाटात ठेवले, नवे बाहेर काढले आणि हिंदीत टिपणं लिहायला सुरुवात केली. राजपत्रात छापून आल्यावर हळहळायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

कोकिळेचा उद्योग फराळी पापडांचा. जसोंडी गावचा निंबा बैलगाडीतून कच्च्या केळीचे घड आणून टाकायचा. ती केळी वाफवायची, सोलायची, त्यात जिरं-मिरची वाटून घालायची, शेंदेलोण घालायची, मळून लाटायची आणि घराच्या सपाट धाब्यावर बाजा मांडून जुन्या लुगड्यांवर वाळवायची. अकरा वर्षं हे चाललं होतं. एकादशी असो, शिवरात्र असो की नवरात्र, अर्ध्या शहराचा उपवास कोकिळेच्या पापडावर निघायचा.

आता हे शेंदेलोण म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच झालं. शेंदेलोण खाणीतून निघतं. गुलाबी दगडासारखं असतं, खलबत्त्यात कुटावं लागतं, आणि चवीला खारट असतं. पण ते मीठ नव्हे. मीठ समुद्राचं, ते उपवासाला चालत नाही. शेंदेलोण चालतं. म्हणजे ते मीठ नाही, हे उघडच झालं. बऱ्हाणपुरातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं, आणि वर असं विचारणाऱ्याच्या आईने त्याला काय शिकवलं, याची चौकशी केली असती.

सत्तावन्न साली एक इन्स्पेक्टर दुकानं तपासत फिरला. पाकिटबंद खाण्यावर चिठ्ठी पाहिजे, चिठ्ठीवर बनवणाऱ्याचं नाव पाहिजे आणि आत काय काय घातलंय ते पाहिजे, असं तो दुकानदारांना सांगून गेला. कोकिळेला घाम फुटला. लीलाधररावांना मात्र इतका आनंद झाला, की त्या दिवशी ते कचेरीतून सरळ घरी आले. अकरा वर्षं घरात पापड होत होते, पण त्यांच्या दृष्टीने ते अजून नोंदीलाच आले नव्हते. त्यांनी फुलस्केप कागद घेतला, समास पाडला आणि बायकोला समोर बसवलं.

"केळी?"

"आहे."

"जिरं, मिरची?"

"आहे."

"मीठ किती?"

कोकिळेने लाटणं खाली ठेवलं. "काय बोलून राहिले तुम्ही? फराळाच्या पापडात मीठ? बाटवता का मला?"

"रागावू नको. कायद्याने विचारावं लागतं," असं म्हणून त्यांनी लिहिलं: 'मीठ – नाही.' मग तीन वेळा मसुदा केला, एकदा हिंदीत उतरवला, आणि चौकातल्या यादवच्या छापखान्यातून दोन हजार चिठ्ठ्या छापून आणल्या. वर केळीच्या घडाचं चित्र, खाली 'कोकिळा फराळी पापड', आणि त्याखाली जाड अक्षरांत 'बिनमिठाचे'. 'बिना नमक के' असंही होतं, भोपाळच्या समाधानासाठी. पहिली चिठ्ठी लीलाधररावांनी स्वतः चिकटवली. कोकिळेला तो दिवस फार आवडला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याने तिच्या हातच्या एखाद्या गोष्टीवर मोहोर उठवल्यासारखं पहिल्यांदाच झालं होतं.

पुढच्या थंडीत लीलाधररावांचं डोकं दुखायला लागलं. नदीवरच्या राजघाटाच्या वाटेवर डॉक्टर पंडितांचा दवाखाना होता. हे डॉक्टर नागपूरकडचे, एकटे राहणारे, आणि घरात तीन पिढ्या कोणी उपवास न केलेले. त्यांनी दंडाला रबरी पट्टा बांधला, पारा वर चढताना पाहिला आणि भुवया वर केल्या. प्रेशर होतं, चांगलंच होतं. गोळ्या दिल्या, आणि कोकिळेला बजावलं, "बाई, औषध कमी-जास्त झालं तरी चालेल. पण मीठ बंद. अगदी बंद. नाहीतर एक दिवस मेंदूतली शीर फुटेल आणि माणूस हातचा जाईल."

कोकिळा झपाझप घरी निघाली. तिला भीती वाटली होती, आणि ती साधीसुधी नव्हती. हा माणूस किचकट होता, दर रविवारी डब्यांवर नावं चिकटवत बसायचा, पण तो नसलेलं घर तिला डोळ्यांसमोर आणताच येईना. घरात पाऊल टाकताच तिने मिठाची बरणी उचलली आणि शेजारच्या ओट्यावर नेऊन ठेवली. हातात मीठ दिलं की भांडण होतं, म्हणून खालीच ठेवली.

त्या दिवसापासून लीलाधररावांना बारमाही उपवास लागला. भाजी शेंदेलोणाची, वरण शेंदेलोणाचं, ताकात शेंदेलोण, भाकरीच्या पिठात चिमूटभर शेंदेलोण. आणि दोन्ही जेवणांना चार चार पापड, कारण पापड तर सरकारदरबारी बिनमिठाचे. कोकिळा स्वतःही तेच खाऊ लागली. आळीतल्या बायका तिचं उदाहरण आपल्या सुनांना द्यायच्या. कचेरीत लीलाधरराव डबा उघडून सांगायचे, "लोक उगाच बाऊ करतात. मीठ सोडून महिना झाला, मला तर काही फरकच वाटत नाही. आमच्या घरच्यांचा हातच असा आहे, की मिठावाचून चव येते."

प्रेशर काही उतरेना. डॉक्टर पंडित प्रत्येक खेपेला पारा बघायचे आणि कोकिळेकडे संशयाने पाहायचे.

"मीठ खरंच बंद आहे ना?"

"घरात कणभर नाही डॉक्टरसाहेब. देवाशप्पथ."

"बाहेर काही खातात?"

"पाणी बी घरचं नेतात."

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. खारकांपासून दंतमंजनापर्यंत सगळ्याची चौकशी केली. लोणचं बंद आहे का, विचारलं; तेही बंद होतं. एकदा लीलाधररावांनीच पिशवीतून पापडाचं पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. स्वतः त्यांना तळलेलं सोसत नव्हतं, त्यामुळे चाखायचा प्रश्न नव्हता. पण त्यांना बरं वाटलं. प्रेशरच्या माणसाला तोंडी लावायला काय सांगावं, ही त्यांची नेहमीची अडचण होती. त्यांनी चिठ्ठीवरचं नाव वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात आणखी पाच जणांना तेच पापड लिहून दिले. एक जण तर खकनारहून बसने येऊन दहा पाकिटं घेऊन गेला. कोकिळेला वाटलं, देवाने डोळे उघडले. दोन बाया आणखी मदतीला घेतल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. फरक इतकाच, की इथे कळसा कापडी पिशवीत होता.

चैत्रात एका दुपारी लीलाधरराव दफ्तरातून एक फाईल काढता काढता खाली बसले, आणि बसल्यावर त्यांना उठता येईना. जीभ जड झाली. उजव्या हातातलं पेन गळून पडलं आणि ते कुणाचं आहे, असं त्यांनी दोनदा विचारलं. टांग्यात घालून त्यांना घरी आणलं. डॉक्टर पंडित आले, सुई दिली, आणि पारा उतरेपर्यंत हलणार नाही, असं सांगून खुर्चीत बसले. संध्याकाळपर्यंत बोट हललं, जीभ सुटली, पेन आपलंच होतं हेही लीलाधररावांच्या लक्षात आलं. कोकिळा तेवढा वेळ त्यांच्या पायाशी बसून होती. तिने देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. मध्येच श्वास चुकेल आणि आपल्याला कळणार नाही, म्हणून ती नुसती छातीकडे बघत होती.

डॉक्टर सकाळपासून उपाशी होते. कोकिळेने उठून चहा केला, आणि घरात दुसरं काही नव्हतं म्हणून चार पापड तळून आणले. डॉक्टरांनी एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले.

"हे कुठले पापड?"

"आपलेच."

"चिठ्ठीवाले?"

"हो. बिनमिठाचे."

"बाई, हे खारट आहेत."

"असणारच. शेंदेलोण बरोबर पडलंय."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "बाई, शेंदेलोण म्हणजे मीठच."

कोकिळेला त्यांची कीव आली. एवढा शिकलेला माणूस. "मीठ असतं तर उपवासाला चाललं असतं का?" तिने समजुतीच्या सुरात विचारलं.

"उपवासाला चालतं की नाही ते देवाला ठाऊक. रक्ताला ते मीठच. समुद्रातलं काय, खाणीतलं काय, रक्त गाव विचारत नाही." मग त्यांचा आवाज एकदम बसला. "भाजीत काय घालता?"

कोकिळेने सांगितलं. वरणातलं सांगितलं, ताकातलं सांगितलं, पिठातलंही सांगितलं. सांगता सांगता तिचा हिशेब जुळत गेला. दोन महिने ती नवऱ्याला जीव लावून, मन लावून, दोन्ही वेळा मीठच वाढत होती. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांना त्यांचे पाच पेशंट आठवले असावेत.

"पुन्हा असा झटका आला तर मी काही करू शकणार नाही," जाताना ते म्हणाले. "आज वाचले ते नशिबाने."

त्या रात्रीपासून कोकिळेचा स्वयंपाक खरा अळणी झाला. लीलाधररावांनी पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं.

"भाजी बिघडली."

"शेंदेलोण बंद केलं. डॉक्टर म्हणे ते मीठच असतं."

"लेखी दिलंय का त्यांनी?"

"तोंडी सांगितलं. माझ्यासमोर."

लीलाधरराव उठले, कपाटातून चिठ्ठी काढली आणि कंदिलासमोर धरली. "हे वाच. 'बिनमिठाचे'. वर्ष झालं छापून. इन्स्पेक्टरने पाहिलं, दुकानदारांनी पाहिलं, खुद्द डॉक्टरांनी वहीत उतरवून घेतलं. एकाची हरकत नाही. आणि आता पापडाचा तुकडा खाऊन ते म्हणणार, मीठ आहे?"

"अहो, ती चिठ्ठी तुम्हीच लिहिली ना? मला विचारून."

"मसुदा माझा होता," लीलाधरराव म्हणाले. "छापल्यावर तो माझा राहत नाही."

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. कोकिळेने घरातले पापड उचलून मदतीच्या बायांना वाटून टाकले. चार दिवसांनी तिला नवऱ्याच्या कोटाच्या खिशात चुरा सापडला. हा माणूस तिचेच पापड चौकातल्या दुकानातून विकत घेऊन, कचेरीत टेबलाच्या खणात ठेवून, शिपायाच्या शेगडीवर कोरडेच भाजून खात होता, आणि तेही लपूनछपून नाही; विचारल्यावर त्याने पाकीटच दाखवलं. कोकिळा रडली. मग भांडली. तुम्हाला मरायचंय का, असं सरळ विचारलं. लीलाधररावांना तिचं वाईट वाटत होतं, हे तिला दिसत होतं. पण वाईट वाटणं एक आणि कागद एक.

धंदा बंद करावा, असं तिच्या मनात आलं. पण बाजारात सातशे पाकिटं पडून होती, सगळ्यांवर तेच जाड अक्षर, आणि तिचा नवरा एकटाच वाचणारा नव्हता. शेवटी ती खलबत्त्यातलं शेंदेलोण पुडीत बांधून सोनाराकडे गेली. एका पाकिटातल्या पंचवीस पापडांना जेवढं पडतं, तेवढं काट्यावर तोलून घेतलं. पाऊण तोळा भरलं. तिथून ती यादवच्या छापखान्यात गेली.

"नवी चिठ्ठी पाहिजे. 'यात मीठ आहे. एका पाकिटात पाऊण तोळा.' जाड अक्षरात."

यादव टाइप जुळवता जुळवता थांबला. "वहिनी, फराळी पापडावर? एक पाकीट नाही विकणार."

"माहीत आहे."

"मी काय म्हणतो, 'शेंदेलोण घातलेले' असं छापू. खोटं बी नाही, आणि उपवासवाले बी खूश."

कोकिळेने विचार केला. सल्ला वाईट नव्हता. धंदा वाचला असता. पण 'शेंदेलोण' वाचून तिचा नवरा चष्मा पुसत काय म्हणेल, हे तिला शब्दन्‌शब्द ऐकू आलं: बघ, शेंदेलोणच लिहिलंय, मीठ कुठे लिहिलंय? मागच्या चार रात्री तिने त्याच्या छातीकडे बघत काढल्या होत्या.

"मीठच छाप," ती म्हणाली.

यादवच्या छापखान्यातली बातमी चिठ्ठ्या वाळायच्या आत राजघाटावर पोचली. संध्याकाळी धुरपदाबाई आल्या. त्या घाटावरच्या भजनाच्या प्रमुख, सत्तरीच्या, आणि एकादशी न चुकवलेल्या. बसायला पाट दिला तरी बसल्या नाहीत.

"कोकिळे, मी ऐकलं ते खरं का?"

"खरं आहे, बाई."

"बारा वर्षं मी तुझे पापड खाऊन एकादश्या केल्या. वर्षाच्या चोवीस. आता तू म्हणतेस, त्यात मीठ होतं?"

"डॉक्टर म्हणतात. सोनाराने तोलून बी दिलं."

"म्हणजे तू माझ्या एकादश्या बुडवल्या."

"मी नाही बुडवल्या, बाई. त्या खारटच होत्या. आपल्याला आज कळलं."

धुरपदाबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. मग त्या खालच्या आवाजात जे बोलल्या, त्यासाठीच त्या आल्या होत्या. "माझं जाऊ दे. माझा नवरा गेला, मी सुटली. तुझ्या वटपौर्णिमांचं काय? सव्वीस वर्षं वडाला दोरा गुंडाळून तीन तीन दिवस शेंदेलोणावर काढले ना? नवऱ्याच्या आयुष्यासाठीच ना? ही चिठ्ठी लावलीस, की ते सगळे उपवास मोडले, असं तू स्वतः छापून देतेस. आणि तो तिकडे आजारी. अगं, काही भीती वाटते का तुला?"

कोकिळेला वाटत होती. हा विचार तिला सोनाराच्या दुकानातच आला होता, काटा स्थिर झाला तेव्हा. सव्वीस वर्षांची पुण्याई एका पारड्यात होती आणि ते पारडं वर होतं.

"वाटते, बाई," ती म्हणाली. "पण उपवास मोडले तर देव रागावेल, आणि त्याची समजूत घालता येईल. यांची घालता येत नाही. यांना छापूनच दाखवावं लागतं."

धुरपदाबाई पायरी उतरून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून भजनातल्या बायका कोकिळेकडे बघेनाशा झाल्या.

तीन दिवस ती खळीचं भांडं घेऊन दुकानं फिरली. प्रत्येक पाकिटावरच्या 'बिनमिठाचे'वर नवी चिठ्ठी चिकटवली. दुकानदार म्हणाले, बाई, खुळ्या झाल्या का. अर्ध्यांनी पाकिटं परत दिली. डॉक्टरांच्या पाच पेशंटांच्या घरी ती स्वतः जाऊन सांगून आली, खकनारलाही बसने गेली. चौथ्या दिवशी तिने एक पाकीट घरी आणलं आणि लीलाधरराव जेवायला बसले तेव्हा ते त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

लीलाधररावांनी चष्मा लावला. वाचलं. पाकीट उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि परत वाचलं.

"हे यादवने छापलं?"

"हो."

"सगळ्या पाकिटांवर?"

"सगळ्या."

"म्हणजे बाजारात आता हेच आहे." त्यांनी 'पाऊण तोळा' या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. काय छापलं गेलंय हे त्यांना आधी कळलं होतं. कुणी छापून घेतलंय हे आत्ता कळत होतं. "कोकिळा, मग तुझ्या एकादश्या?"

"गेल्या."

"वटपौर्णिमेचे उपवास?"

"ते बी."

"सगळे?"

"सव्वीस वर्षांचे." तिने पाकीट बोटाने त्यांच्याकडे सरकवलं. "तुमच्यासाठीच केले होते. तुमच्यासाठीच मोडले. आता तुम्ही राहिला नाही, तर मी ते कशासाठी केले, एवढं सांगा मला. आणि लेखी द्या."

लीलाधररावांनी पाकीट उचललं. खणात ठेवायला नाही, कोटात नाही. हात लांब करून त्यांनी ते दाराबाहेरच्या ओट्यावर ठेवलं, खाली, जपून. मग ताट पुढे ओढलं आणि गिलक्याच्या भाजीचा घास घेतला. चावला. गिळायला त्यांना जड गेलं.

"अळणी आहे गं," ते म्हणाले.

"हो," कोकिळा म्हणाली. डोळ्यांना पदर लावून ती समोर बसून राहिली, आणि त्यांनी ताटातलं सगळं संपवलं.